टाइप सत्तेचाळीस

गुरुवार. भोसरीत सगळीकडे कुलपं,
पण काळोख्यांची शेड उघडी आहे.
सोमवारी चाकणला चार हजार स्प्रिंगा पोचवायच्यात
आणि स्प्रिंग वळणाऱ्या यंत्राचा मेंदू,
जुन्या दातासारखा पिवळा पडलेला थ्री-एट्टी-सिक्स,
मंगळवारपासून एकच वाक्य बोलतोय:
डिस्क सापडत नाही.

मेलेली डिस्क भागूजींनी पेपरात गुंडाळून ठेवलीय.
महिनाभर खडे चावल्यासारखी वाजत होती.
"आम्हाला वाटलं, सवयच असेल तिची."

काल तपकीर गल्लीत
दुकानदारानं आधी कॅमेऱ्याचं मॉडेल विचारलं,
मग माझ्याकडे नीट पाहिलं, आणि खालच्या खणातून
साडेतीनशे रुपयांचं हिरवं पान काढलं:
एका अंगाला चाळीस टाचण्यांची भोकं,
दुसऱ्या अंगाला कार्डाची खाच.
"चालेल ना?"
"चाललं तर चालेल. परत घेणार नाही."
पुण्यात एवढी ग्वाही पुष्कळ झाली.

पट्टीची लाल कड एक नंबरच्या टाचणीकडे.
जंपर मास्टरवर.
काही नाही.
जंपर काढला, फुंकला, पुन्हा बसवला.
काही नाही.
चहा आला, त्यावर साय धरली.
मग कळलं, अडॅप्टरला वीज वेगळी लागते,
फ्लॉपीची ती बारकी वायर,
जी सकाळपासून माझ्याच पिशवीत होती.
काळोखे काही बोलले नाहीत. पंखा माझ्याकडे वळवला.

आता यंत्रानं विचारायला घेतलं.
टाइप कुठला?
सेहेचाळीस डिस्का त्याला पाठ आहेत, त्यात ही बसत नाही.
सत्तेचाळीसवा म्हणजे: तुमचं तुम्ही भरा.
सिलिंडर किती? हेड किती? सेक्टर किती?

या कार्डात काहीच फिरत नाही.
तबकडी नाही, तिच्यावर तरंगणारं डोकं नाही.
पण रकाना मोकळा ठेवला तर पुढं सरकता येत नाही,
हे मला यंत्रानं शिकवायला नको.
औशाकडून आले त्या वर्षी
खोलीसाठी, गॅससाठी, बँकेसाठी
कायमचा पत्ता लिहायचा होता,
आणि आमचं गाव भूकंपानंतर
तीन किलोमीटर सरकून बसलं होतं, त्याच नावानं.
मी जुन्या गावठाणातला घर नंबर लिहिला.
तिथं बाभळी होत्या.
कुणी बघायला गेलं नाही.

सिलिंडर एक हजार तेवीस.
हेड सोळा.
सेक्टर त्रेसष्ट.
एंटर.

चार जीबीच्या कार्डातले पाचशे तीन एमबी त्याला दिसले.
बाकीचं सगळं त्याच्या सातबाऱ्याबाहेर,
तिथं ना त्याचा नांगर, ना त्याची हरकत.
तरी सुरू होईना, नुसती रेघ लुकलुकत राहिली.
पहिल्याच सेक्टरला कॅमेऱ्याची जुनी खरडपट्टी होती.
ती पुसली, तिथं नवी ओळ लिहिली.
पेढ्याच्या डब्यातल्या तीन फ्लॉप्या एकेक करून भरवल्या.
तिसरी चौथ्या खेपेला वाचली गेली,
तोवर कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही.

साडेपाचला पडद्यावर गुंडाळीचं चित्र उमटलं.
भागूजी कॅबिनेटला कान लावून उभे.
"चालू आहे?"
"आहे."
"मग वाजत का नाही?"

तार सरकली. वळली. तुटली.
पहिली स्प्रिंग ताटलीत पडली.
भागूजींनी ती बोटांत धरून दाबली, सोडली,
डोळे मिटून पुन्हा दाबली.
"अर्धा वळसा जास्त झालाय," म्हणाले,
आणि चष्मा न लावताच
कीबोर्डवर एक आकडा टाकला,
जो तिन्ही फ्लॉप्यांत कुठंच नव्हता.